अतिश्रीमंतांची दौलत आणि आपण : सातारा-सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अर्थशास्त्र शिकवतो. सुट्टीच्या दिवशी विटा, तासगाव, कराड, वडूज या भागातल्या वाचनालयांत आणि पारांवर संपत्तीच्या विषमतेवर बोलायला जातो. भाषण संपलं की खरा कार्यक्रम सुरू होतो, कारण लोक मनातलं विचारतात. तेच तेच विचारलं जाणारं इथे एकत्र केलं आहे. ज्या प्रश्नाला मोठं उत्तर लागतं त्याला मोठं दिलं आहे, बाकीचं थोडक्यात उरकलं आहे.

उत्पन्नातली दरी आणि संपत्तीतली दरी वेगळी कशी?

वर्षभरात हातात येतं ते उत्पन्न. कर्ज वजा जाता आज नावावर उरतं ती संपत्ती, म्हणजे जमीन, घर, सोनं, ठेवी, शेअर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा शेजारशेजारची दुकानं सारखीच बुडाली. ज्याच्या गाठीला ठेव होती त्याने चिखल काढून नवा माल भरला. ज्याच्याकडे ती नव्हती त्याला आधी उसनवारी करावी लागली आणि मग सावकार गाठावा लागला. दोघांची रोजची विक्री एकसारखी असेलही. फरक पडला तो संपत्तीमुळे.

आता देशाचं चित्र पाहा. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या संशोधकांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ साली भारतातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला उत्पन्नातले १५ टक्के आणि संपत्तीतले साडेसहा टक्क्यांहूनही कमी आले. निम्मा देश म्हणजे सत्तर कोटी माणसं.

हे आकडे खरे कशावरून? कुणी मोजायला तर आलं नाही.

रास्त शंका आहे. हे अंदाज मुख्यतः तीन ठिकाणची माहिती जुळवून काढतात : आयकर खात्याने प्रसिद्ध केलेली आकडेवारी, सरकारची घरोघरची पाहणी आणि अब्जाधीशांच्या याद्या. घरोघरच्या पाहणीत एक मोठं भोक असतं. पाहणी करणारा तुमच्या-आमच्या ओसरीवर बसतो, पण मलबार हिलच्या बंगल्यात त्याला आत कोण घेणार? म्हणून नुसत्या पाहणीवर विसंबलं तर वरच्या थराची दौलत कमीच दिसते. भारतातली आकडेवारी अपुरी असल्याचं हे संशोधकही उघड सांगतात. दशांशावर वाद घाला, पण दरी वाढते आहे यावर वाद घालण्याइतकी जागा उरलेली नाही.

आपल्या जिल्ह्यांत कुठे आहेत अब्जाधीश? ही मुंबईची भांडणं आहेत.

माणूस मुंबईत राहतो, पण त्याचा पैसा इथवर येतो. जावळी आणि महाबळेश्वरच्या डोंगरउतारांवर कोण जमिनी घेतंय ते तलाठी कार्यालयात बसणाऱ्या कुणालाही विचारा. कायदा सांगतो की महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची. मग कुठून तरी शेतकरी असल्याचा दाखला उभा राहतो, आधी दोन-चार गुंठे होतात आणि पुढे डोंगर होतो. ज्याने विकली त्याचा मुलगा त्याच जमिनीवरच्या फार्महाऊसवर राखणदार म्हणून राहतो. याच जावळी-पाटणच्या माणसांनी कोयनेच्या धरणासाठी घरंदारं सोडली होती.

पाण्याचंही तेच. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी जत-आटपाडीच्या रानात पोचायला माणसांच्या पिढ्या गेल्या. योजना रखडतात तेव्हा पैसा नाही असं सांगतात. वर कुणाकडून किती कर घ्यायचा आणि कुणाला किती माफ करायचा हे ठरतं, तेव्हाच खाली कुठल्या पोटकालव्याचं काम थांबणार हेही ठरलेलं असतं.

अहो, त्यांनी कष्टाने कमावलं. आपल्याला पोटशूळ कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा स्वतः राबणारा असतो. म्हणून जरा सविस्तर.

कष्टाबद्दल आमच्या खानापूर-आटपाडीकडे कुणी शिकवायला नको. इथली हजारो माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाईच्या दुकानात कामाला असलेल्या पोराचा दिवस पाहिलात? अंधाऱ्या खोलीत भट्टी पेटते, मुशीत मोडीतले दागिने वितळतात. मग तेजाब ओतलं की तांबूस धूर उठतो, तो डोळ्यांना झोंबतो आणि घशात उतरतो. शेवटी हातात येते ती सोन्याची लगड, त्याच्या वर्षाच्या पगाराहून महाग. ती तो मालकाच्या हवाली करतो आणि तिथेच वळकटी पसरून झोपतो. या धंद्यात पगारी पोरं पुढे मालक झाली, त्यांनी गावात घरं बांधली, देवळं आणि शाळा उभारल्या. त्या कमाईबद्दल मला आदरच आहे. विषय तो नाही.

विषय आहे तो कष्टाशी नातं तुटलेल्या वाढीचा. समजा एखाद्याकडे १,००० कोटी आहेत आणि ते वर्षाला ७ टक्क्यांनी वाढतात. वर्षाला ७० कोटी झाले, म्हणजे दिवसाला १९ लाखांच्या वर. तो झोपला तरी आणि आजारी पडला तरी. आता ऊसतोडीचा हिशेब घ्या. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाल्यावर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसभरात साधारण दोन टन तोडते. म्हणजे त्या एका माणसाच्या बसल्या जागेच्या एका दिवसाच्या वाढीत सुमारे २,६०० कोयत्यांची दिवसाची मजुरी बसते. ही वाढ कुणाच्या घामातून आली ते दाखवून द्या, मी गप्प बसतो.

आणि त्या १,००० कोटींतला मोठा भाग अनेकदा वडिलांकडून आलेला असतो.

वरच्यांची भरभराट झाली की खाली झिरपतंच ना?

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांवरचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५ वर. सरकारनेच सांगितलं की यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावं लागेल. झिरपेल अशी अपेक्षा होती. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच नोंदवलं की कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर पोचला, पण पगार त्या वेगाने वाढले नाहीत. झिरपलं असतं तर कुपवाड आणि शिरवळच्या एमआयडीसीतली कंत्राटी पोरं सहा-सहा महिन्यांनी गेटपास बदलत बसली नसती.

पण सगळ्यात जास्त कर तेच भरतात ना?

रुपयांत मोजलं तर हो. कुवतीच्या मानाने मोजलं तर चित्र फिरतं.

पगारदार माणसाचा कर हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो. नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ३० टक्के लागतात. अतिश्रीमंताची दौलत मात्र पगारातून येत नाही, शेअरच्या वाढत्या भावातून येते. शेअर विकत नाही तोवर त्या वाढीवर कर नाही. विकला आणि वर्षाहून जास्त ठेवलेला असला तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. अधिभार आणि उपकर धरूनही हा दर १५ टक्क्यांच्या आतच थांबतो. विकायची गरज नसेल तर शेअर तारण ठेवून कर्ज काढायचं, ते उत्पन्नात धरत नाहीत.

एक छोटं उदाहरण पाहा, कारण ते प्रत्येकाच्या पगारपत्रकात आहे : व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिन्याला दहा हजारांहून जास्त पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे झाले २,५००. कोट्यवधींचं पॅकेज घेणारा कंपनीचा बडा अधिकारी किती भरतो? तेवढेच २,५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून तशीच आहे.

शिवाय साबण, चहापूड, चपला, मोबाईलचं रिचार्ज यांवरचा जीएसटी आहेच. दुकानदार तुमची मिळकत विचारून तो लावत नाही.

संपत्ती कर होता ना? मग गेला कुठे?

१९५७ साली आला, २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. वारशावरचा इस्टेट ड्यूटी कर १९५३ ते १९८५ होता, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत होता.

संपत्ती कर काढताना सांगितलं गेलं की वसुली जेमतेम एक हजार कोटींची आणि डोकेदुखी फार. वसुली कमी का होती हे मात्र पुरेसं सांगितलं गेलं नाही. १९९३ पासून त्यातून शेअर आणि इतर ‘उत्पादक’ मालमत्ता वगळली होती. उरलं काय, तर दागिने, मोटारी, जादाचं घर, शहरातला मोकळा प्लॉट. अब्जाधीशाची खरी दौलत शेअरमध्ये, आणि तेच बाहेर. कणगीला खाली भोक पाडून ठेवायचं आणि वर धान्य साठत नाही म्हणून कणगीच मोडून टाकायची, असला हा प्रकार.

परत आणला तर हे लोक देश सोडून पळतील.

काही जण जातील. पण त्यांचे कारखाने, खाणी, बंदरं, टॉवर आणि गिऱ्हाईक इथेच राहतील, ते काही बॅगेत भरून नेता येत नाहीत. देश सोडताना संपत्तीवर कर भरायला लावणारे कायदे काही देशांत आहेत. नॉर्वे, स्वित्झर्लंड, स्पेनमध्ये संपत्ती कर आजही आहे. जपानमध्ये वारसा कराचा वरचा दर ५५ टक्के आहे, म्हणून तिथले उद्योग बुडालेले नाहीत.

२०२४ मध्ये ब्राझीलकडे जी-२० चं अध्यक्षपद असताना अर्थशास्त्रज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी एक आराखडा मांडला. जगातल्या सुमारे ३,००० अब्जाधीशांनी दरवर्षी आपल्या संपत्तीच्या निदान २ टक्के इतका कर भरावा, त्यातून २०० ते २५० अब्ज डॉलर उभे राहतील. सगळ्या देशांनी मिळून केलं तर पळायला जागा उरत नाही, हा त्यामागचा विचार. त्या वर्षी जी-२० च्या निवेदनात अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर लावण्याची भाषा आली, पण बंधनकारक काहीही ठरलं नाही. मला हा आराखडा किमान मागणी म्हणून पटतो. ७ टक्क्यांनी वाढणाऱ्या दौलतीतून २ टक्के गेले तरी ती वाढतच राहते.

आमच्याकडच्या बड्या बागायतदारांना आयकर नाही, त्याबद्दल का बोलत नाही?

बोललंच पाहिजे, आणि हे विचारायला धीर लागतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर कायद्याने सूट आहे. दोन-चार एकरवाल्याला ती सूट नसती तरी काही फरक पडला नसता, कारण त्याचं उत्पन्न कराच्या मर्यादेत येतच नाही. खरा फायदा होतो तो मोठ्या बागायतदाराला, आणि त्याहून जास्त होतो दुसरीकडचा पैसा द्राक्षाच्या नाहीतर उसाच्या नावाने दाखवणाऱ्याला. शेतीच्या नावाने मागितलेल्या सवलतीची पडताळणी नीट होत नाही, असं महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात म्हटलं आहे. फार मोठ्या शेती उत्पन्नावर कर असावा असं माझं मत आहे. मर्यादा मात्र इतकी वर हवी की तासगावचा सामान्य द्राक्षवाला तिच्या सावलीतही येऊ नये. एका अवकाळीत त्याची बाग जाते, हे कर ठरवणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

पैशातून सत्ता नेमकी कशी येते? मत तर एकच असतं.

मत एकच असतं, पण मतपत्रिकेवर कुणाचं नाव यायचं ते त्याआधी ठरतं. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. तिकीट मागायला गेलेल्या कार्यकर्त्याला पहिला प्रश्न काय विचारतात? कामाचा नाही, ‘किती लावणार’ हा. वीस वर्षं पाण्याच्या चळवळीत झिजलेला माणूस तिथेच गळतो.

वरच्या पातळीवर हाच व्यवहार निवडणूक रोख्यांतून झाला. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे. २०१७ साली ती मर्यादा उठवली आणि रोख्यांमुळे देणाऱ्याचं नावही झाकलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली. नंतर यादी बाहेर आली तेव्हा लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग ही १,३०० कोटींहून जास्त रोखे घेणारी सगळ्यात मोठी देणगीदार निघाली. देणगीच्या बदल्यात काय मिळालं हे प्रत्येक वेळी कागदावर नसतं. पण निर्णय घेणाऱ्याच्या खोलीत कुणाला चहा मिळतो आणि कुणाला दारातच अडवतात, हे देणगीवर ठरायला लागलं की मताची किंमत उतरते.

कर्जाचं पाहा. तुमचं सोसायटीचं पीककर्ज थकलं की सातबाऱ्यावर ‘इतर हक्का’त बोजा तसाच राहतो. जमीन विकता येत नाही, नवं कर्ज मिळत नाही, पोरीच्या लग्नात पाहुणे उतारा काढून बघतात. मोठी कंपनी बुडाली की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली प्रकरण जातं आणि बँकांच्या मान्य झालेल्या येण्यापैकी सरासरी साधारण एक-तृतीयांश हाती लागतं. बाकी सोडून दिलं जातं. या व्यवस्थेची गरज मी नाकारत नाही, बंद पडलेला कारखाना कुणीतरी चालवायला हवाच. पण एकाला तडजोड आणि दुसऱ्याला बोजा, हे नियम लिहिताना कुणाचा हात धरला गेला ते उघड आहे.

सहकाराने आपल्याकडे दरी कमी केली की वाढवली?

दोन्ही. यावर मी तासभर बोलू शकतो.

कंपनीत जितके शेअर तितकी मतं. सहकारात शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. या एका नियमामुळे कृष्णाकाठचा दोन एकरवाला आणि वाडेवाला एका रांगेत उभे राहिले. साखर कारखाने आणि सूतगिरण्या निघाल्या, त्यांच्या आसऱ्याने शाळा-कॉलेजं आली. उसाला एफआरपी, म्हणजे किमान द्यायचा दर, कायद्याने ठरते, ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. किती जणांना ते व्याज कधी मिळालं, हे मी सभेत विचारतो तेव्हा हात वर होत नाहीत.

पुढे काय झालं तेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. मतदारयादीत मयत सभासद राहतात, त्यांच्या वारसांची नोंद अडवून ठेवली जाते. संचालकपद बापाकडून पोराकडे जातं. आजारी कारखाना खासगी मालकाकडे गेला की एक सभासद एक मत संपतं आणि शेतकऱ्याचा उरतो तो नुसता ऊस. आणि पहिल्यापासूनच एक माणूस या घराबाहेर होता : भूमिहीन. ऊस तोडणारी जोडी कधी सभासद झाली नाही, कारण सभासद व्हायला ऊस लावलेली जमीन हवी. ती जमीन कुठल्या जातींकडे होती आणि कुणाकडे नव्हती हे सांगायला नको. स्वतःच्या नावावर उतारा नसलेल्या बाईचंही तेच.

तरीही तो नियम चांगला होता आणि आहे. तो वाचवायचा तर वार्षिक सभेत ताळेबंद मागून घ्या, तोंडी आवाजी मंजुरीवर उठून जाऊ नका.

सरकारने कधी वरच्यांकडून घेऊन खालच्यांना दिलंय का?

दिलंय, आणि त्याची सुरुवात आपल्याकडेच झाली. रोजगार हमीचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर राबली, १९७७ साली कायदा झाला. पैसा कुठून आणायचा? वर सांगितलेला व्यवसाय कर १९७५ मध्ये त्यासाठीच बसवला. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्याच्या पगारातून माण-खटावच्या खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी मिळाली. नंतर देशभराचा रोजगार हमी कायदा करताना हाच अनुभव पुढे ठेवला गेला. २,५०० ची मर्यादा उठवली आणि मोठ्या पगारांवर चढता दर लावला, तर हाच कर पुन्हा कामाला येईल.

मुलं शिकली की दरी आपोआप मिटेल ना?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ सुरू केलं, त्यामुळे साताऱ्यातली कितीतरी घरं वर आली. ती वाट तेव्हा जवळजवळ फुकट होती. आज इंजिनिअरिंगच्या फीसाठी रान विकावं लागतं आणि पदवी घेऊन पोरगं पुण्यात डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावतं. शिक्षण हवंच, पण एकट्याने ते पुरत नाही.

सावकाराने जमीन खरेदीखत करून घेतली आहे. या सगळ्यातून मला काय मिळणार?

पैशाच्या ताकदीचं सगळ्यात जवळचं तोंड हेच आहे. याच जिल्ह्यांत १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सावकारांच्या मनमानीला आळा घातला होता. आज तुमच्या हातात कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे, चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नाही. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल आणि व्यवहार अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला असेल, तर चौकशी करून खरेदीखत रद्द ठरवण्याचा आणि जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. अर्ज तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयातही घेतात. सोबत खरेदीखताची प्रत, आधीचा आणि आताचा सातबारा, फेरफार, व्याज दिल्याचे बँकेचे किंवा फोनवरून पैसे पाठवल्याचे पुरावे आणि त्या वेळी जमिनीचा सरकारी भाव काय होता त्याचा उतारा लावा. भाव आणि खतातली रक्कम यांतली तफावत हा मोठा पुरावा ठरतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.